‘सुकती’च्या बदलनोंदीची आणि घराची व्यवस्था

मी, श्रीमती शेवंती गोकुळदास हळर्णकर, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार मांद्रे, तालुका पेडणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृती ठीक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. गोव्याच्या कायद्याने माझ्या मिळकतीचा अर्धा भाग माझी एकुलती मुलगी समीक्षा हिचा आहेच. उरलेला अर्धाही तिलाच देते; म्हणजे मांद्र्याचे घर, परसातले सात माड आणि बँकेतली ठेव. ती डिचोलीत सुखाने नांदते आहे, तिने इथे येऊन राहावे असा माझा हट्ट नाही. पाहुण्यांना खोल्या द्यायच्या तर द्याव्यात, सगळा गाव देतो. फक्त माझे पती कै. गोकुळदास यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला बाल्कांवातला, म्हणजे पुढच्या ओसरीतला, बसायचा सोपो मोडू नये.

२. घरापेक्षा जास्त काळजी मला ‘सुकती’ची आहे. सुकती म्हणजे ओहोटी; हा तेरेखोल नदीच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा संगणकाचा प्रोग्राम. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी आणि माझा जुना विद्यार्थी सिद्धेश यांनी तो लिहिला. तो कोणाच्या मालकीचा नाही. त्याचा मूळ मजकूर इंटरनेटवर उघडा आहे, कोणीही घ्यावा, सुधारावा. त्यातून निघालेला महिन्याचा कागद केरीला फेरीबोटीच्या धक्क्यावर चिकटवला जाई. नदीत तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, काढायला जाणाऱ्या बायका त्यावर वेळ बघून पाण्यात उतरत.

माझ्या हातून घडले ते इथे लिहून ठेवणे जरूर आहे. आमच्या कागदात पाऊण तासाची चूक होती. आम्ही समुद्रावरच्या वेळा देत होतो, आणि नदीत पाणी उशिरा फिरते. बायकांना ते केव्हाच कळले होते. कागदावरच्या वेळेत त्या पाऊण तास मिळवत. मला मात्र ते २०१४ साली कळले. मी चूक सुधारली आणि बदलनोंदीत, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदलले हे लिहायच्या यादीत, दोन शब्द लिहिले: ‘किरकोळ सुधारणा’.

वेळ आता बरोबर होती, तरी बायका सवयीने पाऊण तास मिळवतच राहिल्या. नवा कागद लागल्यावर चौथ्या दिवशी नदीपलीकडच्या तेरेखोल गावची पार्वती आणि तिघीजणी वाळूच्या पट्ट्यावरून परत निघाल्या तेव्हा पाणी गळ्याशी आले होते. तिघी निभावल्या. पार्वती खडकावर आपटली. होडीवाल्यांनी तिला ओढून काढले, पण उजवा खांदा कायमचा गेला.

मी तिच्या घरी गेले. तीच आधी म्हणाली, “बाई, चूक काढलात तां बरां केलांत. पण आमकां सांगूक होया होतां.”

त्यानंतरचे वर्षभर मी दुसरे काही केले नाही. पहिल्यापासूनच्या एकेचाळीस आवृत्त्यांची बदलनोंद नव्याने लिहिली. दर आठवड्याला फेरीने पलीकडे जाऊन पार्वतीला वाचून दाखवली. “गणनपद्धतीत फेरबदल म्हणजे कितां?” असे तिने विचारले की मी घरी येऊन ते वाक्य पुन्हा लिही. मराठी की कोंकणी या वादावरून पूर्वी आमच्याकडे भाऊ भावाशी बोलेनासे झाले होते. मी मराठीत लिहिले आणि पार्वतीचे शब्द होते तसे ठेवले. ते वर्ष वाईट गेले असे मला म्हणवत नाही.

३. माझा संगणक आणि ‘सुकती’चे सर्व पासवर्ड सिद्धेशला द्यावेत. त्याच्यावरचा माझा जुना रागही इथेच निकालात काढते. २०१६ साली त्याने माझ्या नोंदी न विचारता पुसल्या. “बाई, ही बदलनोंद आहे, निबंध नव्हे,” असे मला कळवले. ज्याला मी अपूर्णांक शिकवले त्याच्याशी मी दोन वर्षे बोलले नाही. मग चतुर्थीला तो स्वतःहून आला. पार्वतीही जेवायला होती. तिने त्याला त्याच्या नोंदीतल्या एका शब्दाबद्दल विचारले, “तू बरयलां तां ‘सुसूत्रीकरण’ कितां रे?” त्याने बराच वेळ समजावले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे मी कितां करूचां?” सिद्धेश खाली बघून जेवला. घरी पोहोचल्यावर त्याने माझ्या सगळ्या नोंदी परत घातल्या. मला फोन केला नाही. मीही केला नाही. पुढच्या आवृत्तीची नोंद त्याने मला आधी वाचायला पाठवली, त्यावर आमचे मिटले.

पासवर्ड एका अटीवर आहेत. दर नोंदीत आधी काय होते, आता काय आहे, आणि वापरणाऱ्याने वेगळे काय करायचे, हे साध्या शब्दांत असावे. प्रसिद्ध करण्याआधी ती पाण्यात उतरणाऱ्या एका तरी माणसाला वाचून दाखवावी.

४. माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत.

५. माझ्या सोन्याच्या चार बांगड्या पार्वतीला द्याव्यात असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. साक्षीदार म्हणूनही तिचेच नाव घातले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष धरत नाहीत, दोहोंपैकी एक ठेवा. तिने मला माफ केले की नाही हे मी दहा वर्षांत विचारले नव्हते. परवा फक्त एवढेच विचारले, बांगड्या की सही?

ती म्हणाली, “बांगड्यो घालून मी खंय जातलंय? तुमच्या बाजून सय करतंय.”

बांगड्या समीक्षाला द्याव्यात.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

शेवंती गोकुळदास हळर्णकर

आमच्यासमोर सही झाली:
१. पार्वती बाबली केरकर, तेरेखोल
२. दत्ताराम विठ्ठल शेटये, मांद्रे

पेडणे, दिनांक ५ फेब्रुवारी २०२४