अंगात कला न्हाय

सर, अण्णांनी तुमचं ते वाक्य मला सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. "पुण्याच्या चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म मी आणला होता की," ते म्हणाले. "बाप म्हणून सही करायच्या आधी तुझ्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पोरगी मेहनती हाय, पण अंगात कला न्हाय." तव्यावरची भाकरी करपली.

सातवीत माझा हात कागदावर थरथरायचा. फळ्यावरचा माझा पोपट बघून वर्ग हसला, त्या दिवशी तुम्ही परीक्षेच्या जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजू वर घेऊन, दोऱ्यानं शिवून मला वही करून दिलीत. "रोज एक पान. वाईट आलं तरी चालंल. खोडायचं न्हाय, फाडायचं न्हाय." मी आईचा स्टोव्ह काढला, दारातल्या चपला काढल्या, मागावर बसणाऱ्या शेजारणीचे हात काढले. कितीतरी दिवस सगळं वाकडंच. मग कधीतरी थरथर थांबली, मला कळलंही नाही. दहावीत मी आपल्या मंगळवार पेठेत भाजीवाल्यांसमोर उकिडवी बसलेय, मागे माणसं जमलीयत, कुणी हसतंय, आणि माझी पेन्सिल थांबत नाही. शनिवारी तुम्ही वही चाळता, मान डोलावता. ती मान खोटी होती का, सर?

तुम्हाला विचारून आले त्या संध्याकाळी अण्णा घरी नुसतं "नको" म्हणाले. मी वर्षभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. कॉमर्स केलं, ऑफिसात चिकटले, चित्र काढणं सोडलं. माझा सगळा राग चुकीच्या माणसानं सोसला. तुमच्या मात्र दर दिवाळीला पाया पडत राहिले. तुम्ही फराळाचं ताट पुढे करायचात, चौकशी करायचात, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत.

अण्णांनी सांगितलं त्याच रविवारी मी कुंभारीला तुमच्या घरी आले. तुम्ही खाटेवर होता, आवाज खोल गेलेला. तुम्हीच विचारलंत, "रोज पान काढतीस न्हवं?"

"हो सर," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. त्याला आता नऊ वर्षं झाली. तुमच्या दहाव्याहून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डबा भरून झाल्यावर, एक पान काढलं. हात पुन्हा सातवीतला झाला होता. रोज बसत गेले तसा सुटला. गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मोठ्या भिंतीवर चित्र काढाल का, असं साहेबांनी विचारलं, आणि मी कुणालाही न विचारता हो म्हणाले. हा धीटपणा तुम्हीच दिलात, आणि तो पुरा पडेल यावर तुमचाच विश्वास नव्हता. हे मला अजून गिळता येत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? पण एक सांगते. त्या रविवारी काकू चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा आपण दोघंच होतो. मी जाब विचारायलाच आले होते. आजारी माणसाला काय विचारायचं म्हणून गप्प बसले, असं मी सगळ्यांना सांगते. तसं नव्हतं. तुम्ही तेच पुन्हा म्हणाल, याची मला भीती वाटली.