तंबाखू खाता का, एवढंच विचारलं

मॅडम, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला दिवाळीचा साधा फोनही कधी धड केला नाही, आणि आज दुपारचे सगळे पेशंट उद्यावर ढकलून, धायरीतल्या माझ्या दवाखान्याचं दार आतून लावून तुम्हाला लिहायला बसले आहे. डेंटल कॉलेजच्या ओपीडीतला तो दिवस सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. माझ्या खुर्चीवर भाजी विकणाऱ्या एक मावशी बसल्यात. मी विचारते, "तंबाखू खाता का?" त्या म्हणतात, "न्हाय बाई." मी कार्डावर 'सवयी'पुढे 'नाहीत' लिहून मोकळी. तुम्ही मागे कधी येऊन उभ्या राहिलात ते कळलंच नाही. स्टूल ओढून बसता आणि विचारता, "सकाळी उठल्यावर काय काय करता हो मावशी?" त्या अख्खी सकाळ सांगत सुटतात: पाणी तापवणं, झाडलोट, मग दारात बसून मशेरी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू बोटाने हिरड्यांना घासायची आणि थोडी ओठाआड तशीच दाबून ठेवायची. त्यांच्या लेखी ते तंबाखू खाणं नव्हतंच, दात घासणं होतं. मग तुम्ही सगळ्या बॅचसमोर माझ्याकडे वळलात. "आपण इथे डॉक्टर व्हायला आला आहात की चौकीत जबाब नोंदवायला? त्या खोटं बोललेल्या नाहीत. तुम्हाला विचारता आलं नाही." मी कॅन्टीनमध्ये जाऊन रडले होते, आणि पुढे कितीतरी दिवस तुमचा रागच करत होते. आधी ओठ खाली ओढून बघा, हिरडी कोरडी करा, बोटाने चाचपा, दात काही पळून जात नाहीत, असं तुम्ही रोज सांगायचात. आम्ही मागे तुमची नक्कल करायचो.

आता खरं सांगते. पावसाळ्याच्या सुरुवातीला इथल्याच एक मावशी आल्या होत्या. त्यांच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एकीत त्या मुलगा-सुनेबरोबर राहतात. खालच्या हिरडीतून रक्त येत होतं, एक दात हलत होता. मी तंबाखूचं विचारलं, तसा त्यांनी तोंडाला पदर लावला आणि उत्तर सुनेनेच दिलं. "नो नो डॉक्टर, मम्मींना कसलीच हॅबिट नाहीये." सून आयटीतली, नीटनेटकी, घाईत. थोडी माझ्यासारखीच होती, म्हणून तिच्यावर माझा चटकन विश्वास बसला. मावशींकडे मी पुन्हा वळलेच नाही. हिरडीवर जरासा पांढरट डाग होता. मी तो पाहिला, मॅडम. दात टोचत असेल, असं स्वतःलाच सांगितलं, पायरिया म्हणून दात साफ केले आणि हिरडीवर चोळायला जेल दिलं. बाहेर चार जण थांबले होते.

दिवाळीनंतर त्या परत आल्या, एकट्याच. दात आपोआप पडला होता आणि तिथली जखम भरत नव्हती. बोट लावलं तर कडा कडक लागली. मग मी स्टूल ओढून बसले आणि सकाळी उठल्यावर काय करता, ते विचारलं. "मशेरी लावती की. लगीन झाल्यापास्नं," त्या म्हणाल्या. "सुनंला वास आवडत न्हाय, म्हनून बाथरूममदी लावती. तिला सांगू नगा हां."

जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट काल आला. कॅन्सर आहे. आज सकाळी त्या आणि त्यांचा मुलगा समोर बसले होते. मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, जबड्याचा भाग काढावा लागेल, हे मी नीट, न अडखळता सांगितलं. पावसाळ्यात हे एवढं पसरलेलं नसावं, तेव्हाच तुकडा घ्यायला हवा होता, हेही मनात जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात मुलाने हात जोडले. "मॅडम, तुमी हुता म्हनून कळलं तरी. दुसरा कुनी असता तर नुसता दात काढून मोकळा झाला असता." मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. आणि मी म्हणाले, "अहो, ते माझं कामच आहे."

त्यांची रिक्षा गेल्यापासून मी इथेच बसून आहे. त्या घरचा नंबर कार्डावर आहे, फोन हाताशी आहे, मुलगा घरीच असेल. तरी मी तुम्हालाच लिहीत बसले, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. तुम्ही जिवंत असतात, मॅडम, तर हे मी तुम्हालाही सांगितलं नसतं.