आईच्या दगडावरचं वळण

हिस्टन, केंब्रिज
३ मार्च १९९८

चि. मॉरीनला, डेरेकचे अनेक आशीर्वाद.

आईचा दगड मीच कोरून काल कबरीवर उभा केला. वेल्सची स्लेट, तीन इंच जाड. वर नाव, आणि नावाखाली डीएनएची दुहेरी शिडी. प्रयोगशाळेत तीस वर्षं ती त्याचे धागे ओढत बसायची, म्हणून तिनेच काढलेलं, तिथल्या भिंतीवरचं चित्र घेतलं.

तुमच्या शाळेच्या पुस्तकांतली चित्रं मी पाहिली आहेत. दोन रिबिनी आणि मध्ये काड्या; जत्रेतलं खेळणं बरं. मी एका वळशाला दहा पायऱ्या धरल्या. प्रत्येक पायरीत एक मोठा तुकडा आणि एक लहान, म्हणजे अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. त्यामुळे रुंदी कुठेही ढळत नाही. साखर आणि फॉस्फेट बाहेरच्या कडेला. दोन खाचांपैकी एक रुंद, एक अरुंद. कॉलेजची पायरी न चढता, स्वतः वाचून केलं आहे. तुझ्या पदवीधर मंडळींत या खाचा किती जणांना ठाऊक आहेत ते विचार एकदा.

आईला जाऊन २१ तारखेला वर्ष होईल. तिचे जुने सहकारी दगड बघायला येणार आहेत. तू त्याआधी रविवारी येऊन बघून जा. कीथला आणलंस तरी चालेल. नवरा तुझा आहे, माझा इलाज नाही.

लोभ आहेच, तो निराळा मागत नाही.
डेरेक

नॉर्विच
९ मार्च

प्रिय दादा, सा. न. वि. वि.

काल तिथे मी गप्प राहिले, कारण तू दगडाला टेकून असा उभा होतास की जणू डीएनए तूच शोधलास. आता लिहिते. पायऱ्या बरोबर, जोड्या बरोबर, खाचा बरोबर. आणि अख्खी शिडी उलटी वळलेली! समोरचा धागा वर जाताना उजवीकडे चढायला हवा. तुझा डावीकडे चढतो.

आई काय करायची विसरलास? बँकेची जाहिरात असो नाहीतर चहाचा मग, उलटं वळण दिसलं की त्या कंपनीला पोस्टकार्ड. वळण उलटं आहे, दुरुस्त करावे, एवढाच मजकूर. आपण टोस्टला मार्मलेड लावत असू आणि ती तिकीट चाटत असे. असल्या लोकांना ती गाढवं म्हणायची. आता तेच गाढवपण तू तिच्या उशाशी कोरून ठेवलंस, आणि ते दोनशे वर्षं झिजायचं नाही. तिची माणसं येऊन तिच्याच कबरीवर हसतील. २१ च्या आत दगड काढ.

कीथ नमस्कार सांगतो. तुला नको असला तरी घे.
मॉरीन

हिस्टन
११ मार्च

चि. मॉरीनला आशीर्वाद, कसेबसे.

आई तुला आरएनए म्हणायची ते उगाच नाही. आरएनएच्या साखरेवर डीएनएपेक्षा एक ऑक्सिजन जास्तीचा लटकतो, आणि जरा अल्कली लागली की तोच आपल्या साखळीचे तुकडे पाडतो. तुझं पत्र वाचून तेच आठवलं.

शाळेत शिकवतेस ना? मग ऐक. शिडीचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशांना धावतात. म्हणून तिला वरचं टोक नाही, खालचंही नाही. तर मग डावं-उजवं आलं कुठून? उलटी होऊन बघ, सरळ दिसेल. कीथला सांग बघायला, त्याचं डोकं तसंही मोकळंच असतं.

दगड हलणार नाही. उत्तराची घाई नाही.
डेरेक

नॉर्विच
१३ मार्च

प्रिय दादा, सा. न. वि. वि.

तुझ्या खणातला कुठलाही स्क्रू घे आणि उलटा धर. वळण बदललं तर कळव, मी नोकरी सोडते. वर-खाली नसलं तरी डावं-उजवं असतं. डीएनएची साखर हातमोज्यासारखी एकाच हाताची असते, म्हणून शिडी उजवीकडेच वळते. ते तुझ्या हुकमावर नाही.

आणि आरएनए म्हणालास ते आवडलं. निदान ते निरोप पोचवतं. डीएनए नुसतं आत बसून ऐट करतं.

मॉरीन

हिस्टन
१६ मार्च

चि. मॉरीनला, डेरेकचे आशीर्वाद.

स्क्रू उलटा धरला. मग गिरमिटाचं पातं, मग बूच काढायचा स्क्रू. एकही बदलला नाही.

चूक कुठे झाली तेही सापडलं. अक्षरं मी ब्रशने थेट दगडावर काढतो. आईचं चित्र तेवढं ट्रेसिंग पेपरवर घेतलं, आणि तो कागद पालथा टाकला. एक अक्षर उलटं पडलं असतं तर रस्त्यावरून दिसलं असतं. शिडीने हूं की चूं केलं नाही. तीस वर्षांच्या कामानंतर ही अक्कल! शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. हे तुझ्या पदवीला कळलं असं मात्र समजू नकोस. डोळे आईचे आहेत तुझे.

आज पहार घेऊन दगड काढायला गेलो. पाऊण इंच घासून पुन्हा कोरीन. २१ तारखेला तिथे फक्त गवत असेल. आलेल्यांना कारण तू सांग, मला जमायचं नाही.

दगडाच्या पायाशी खड्याखाली एक पोस्टकार्ड होतं. दवाने भिजलेलं, अक्षर म्हातारं, थरथरतं. तिच्या जुन्या सहकाऱ्यांपैकीच कुणीतरी आधी येऊन गेलं असावं. वळण उलटं आहे, दुरुस्त करावे. सही नाही.

आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग पहार टाकून गवतातच बसलो. वर्ष होत आलं, मॉरीन, घरात आईचं कार्ड दिसलं नव्हतं.

सोबत पाठवतो आहे. वाचून परत कर.
तुझा दादा