ताईची सलाईन

४ फेब्रुवारी

आले एकदाची ताईकडे! खोली छान ऐसपैस आहे; खिडकीखाली टेबल, पलंगावर इस्त्रीची चादर. ताईनं पडल्यापडल्याच हुकूम सोडला, आधी जेव, मग माझी कीव कर. स्नायूंच्या आजारानं तिचं चिपाड झालंय, जीभ मात्र शाबूत. भावोजी प्रयोगशाळेत पेशींवर काम करतात. त्यांनी समजावलं, की अन्नातून ताकद काढायला पेशींना एनएडी नावाचा घटक लागतो आणि ताईला तो कमी पडतोय. आता ते तो सलाईनमधून देणार. धोका नाही ना, मी विचारलं. थोडा दिला तर बहुधा नाही, म्हणाले. भरपूर, आणि फार दिवस दिल्यावर काय होतं ते कुणालाच नीट माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

ताई चालली! भिंत धरत स्वयंपाकघरात आली, मी चिरलेली भाजी बघून म्हणाली, ही काय गुरांना घालायचीय? भावोजी दाराआड उभं राहून रडत होते.

६ मार्च

ताई झोपत नाही. दमतही नाही. कपडे धुते, वाळत घालते, काढून पुन्हा धुते. मानेवर सुपारीएवढी गाठ आलीय. ती बघून भावोजी पांढरेफटक पडले. आधीपासून बारीकशी असणार, म्हणाले. जे ताईला पोसतंय तेच गाठीलाही पोसतंय. मग थांबवा, मी म्हटलं. थांबवलं तर ती पुन्हा अंथरुणाला खिळेल, म्हणाले.

१४ मार्च

गाठ मुठीएवढी. ताई मात्र वाळत चाललीय. दुपारी मला कुशीत घेऊन म्हणाली, चिमणे, पुरे झालं आता, यांना सांग.

सांगितलं. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि नवी बाटली लावली.

१७ मार्च

ताई सकाळी गेली. डोळे मीच मिटले. भावोजी सुई काढू देत नाहीत, कुणाला कळवूही देत नाहीत. गाठीला हात लावून बघ, म्हणतात.

गरम आहे.

१८ मार्च

गाठ खांद्यावरून दंडात उतरलीय— भावोजी तिच्याशी बोलत बसलेत, ताईशी बोलायचे तसंच. तिचंच रक्तमांस आहे गं, एवढं तरी राहू दे, म्हणाले. मला ताईसाठी रडायचंय. रडू कुणासमोर—

१९ मार्च

ते अंघोळीला गेले तेवढ्यात नळी बंद केली. सुटलीस ताई—

गाठ उतरलेल्या हाताची बोटं हलली. उजवं मनगट धरलंय माझं. सोडत नाही. डाव्या हातानं लिहितेय—

भावोजी दारात. हसताहेत, गालांवरून पाणी. बघ, ओळखलं तिनं तुला, म्हणताहेत. नळी पुन्हा सुरू— आणि मी ओरडत का नाही— मलाही वाटतंय, ही ताईच—