पोरं शाळेत का येत नाहीत: सतरा कारणं

८ नोव्हेंबर १९४९, मंगळवार
शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांचं पत्र. महिनाअखेर हजेरी तीसवर गेली नाही तर वाडीची शाळा बंद. आज हजर: अकरा. मी एकटा काय काय करू? पण योग बघा! २६ला काष्टीच्या बाजारात विद्यापीठाचे प्रोफेसर जाहीर चर्चा घेणार. विषय: खेड्यातली मुले शाळेत का येत नाहीत? डेप्युटीसाहेब अध्यक्ष. असं भाषण ठोकतो, की शाळा बंद करायची त्यांची छाती होणार नाही. रोज पाचला उठून लेखन.

९ नोव्हेंबर
आठला उठलो. थंडी.

१२ नोव्हेंबर
सात कारणं झाली. सातवं: पालकांचं अज्ञान. वर्गात गलका, काही सुचत नाही. हन्नाला म्हटलं, थोडे दिवस वर्ग तू सांभाळ. बायको सातवीची फायनल पास आहे, निभावेल.

१६ नोव्हेंबर
हन्नाने शाळा सकाळी सातला केली! शेळ्या सोडायच्या आधी पोरं मोकळी असतात म्हणे. पोरी भावंडं कडेवर घेऊन येतात. अकरा ते पाच या सरकारी टाईमची वाट लावली. रागावलो. ती म्हणाली, तुम्ही भाषण लिहा. निदान तेवढं तरी तिला कळतं.

२१ नोव्हेंबर
हजेरी चौतीस! माझ्या भाषणाची बातमी पसरलेली दिसते. कारणं सतरा, पानं बावीस.

२६ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
अपमान! प्रत्येकी पाच मिनिटं. तिसऱ्या कारणालाच घंटी. मग आमच्या वाडीची दगडाबाई उठली, बाजारात शेळी विकायला आलेली. म्हणाली, "पोरं लई येत्यात, सायेब. मास्तरीनबाई येरवाळीच शाळा भरवत्यात, शेळ्या सोडायच्या आदी. मास्तर न्हाई येत. ते भाषान लिवत्यात." सगळा बाजार हसला. प्रोफेसरांनी तिचं सगळं लिहून घेतलं, माझं एक अक्षर नाही. साहेबांनी शाळा चालू ठेवली, सातची वेळही मंजूर केली.

२८ नोव्हेंबर, सोमवार
शाळा वाचली. भाषणाचा परिणाम सावकाश होतो. वर्ग ताब्यात घ्यायला अकराला ऐटीत गेलो. चिटपाखरू नाही, पोरं कधीच शेळ्यांमागे गेलेली. भाषणाची पानं हन्नाने शुद्धलेखनाला वाटून टाकलीत. कागद मिळत नाही, आणि पानांची पाठ कोरी होती म्हणे. भांडणारच होतो. तेवढ्यात जमिनीवर एक पान दिसलं: कारण सातवं. मागे दगडाबाईच्या नातीने स्वतःचं नाव लिहिलंय, बनू, ओळीने अकरा वेळा. माझ्या हजेरीपटात ही पोर वर्षभर गैरहजर आहे. फार वाईट वाटलं.

उद्या पाचला उठणे. शाळा सातला आहे. हन्नाला सांगून ठेवलंय, उठव म्हणून.