मला भाऊ होता, हे नमूद करून

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, पूर्वी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर, सध्या एकटी राहणारी, माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे; कान थोडे गेले आहेत. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. या शहरात हे वाक्य लिहिताना हसू येते, पण कायद्याला ते लागते.

१. प्रथम नमूद करते की मला सख्खा धाकटा भाऊ होता. तो आमच्याच कंपनीत नट होता. कंपनीच्या कागदोपत्री असा नट कधी नव्हता, म्हणून इथे लिहिणे भाग आहे.

युद्धावरून परतलेल्या मुलाचे नाटक होते. घरचे त्याला परका समजतात, तेव्हा तो म्हणतो, "मला कुणीच कसं ओळखत नाही?" मंजुरी खात्याने ते वाक्य कापले. आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, हे कारण. खात्याचा माणूस पहिल्या रांगेत बसे. एका प्रयोगात त्या जागेपाशी भाऊ गप्प उभा राहिला. मला वाटले, विसरला. मी विंगेतून पुढचे वाक्य सांगितले, पुन्हा सांगितले. त्याने माझ्याकडे पाहून किंचित नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात बाल्कनीतून एक म्हातारी खणखणीत म्हणाली, "मला कुणीच कसं ओळखत नाही?" तिने जुने प्रयोग पाहिले असावेत. मग दुसरा आवाज, मग सगळी बाल्कनी.

पडदा पडल्यावर त्याला रंग पुसायलाही सवड दिली नाही. तो परत आला नाही.

सकाळी मॅनेजरने सगळ्यांना रांगेत उभे करून सह्या घेतल्या: असा इसम आमच्यात कधीच नव्हता. मला म्हणाला, "ताई, सही म्हणजे काय, नुसती शाई. त्याला आता काय फरक पडणार?"

"मला पडतो," मी म्हणाले.

तेव्हापासून मला काम नाही, आणि जिन्यात कोणी ओळख दाखवत नाही.

२. राहते घर, आतील सामानासह, भावाच्या मुलीला. ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. वडील कोण, हे तिला ठाऊक आहे की नाही, मला ठाऊक नाही. न दुखणाऱ्या गुडघ्यासाठी मी मलम आणायला जाते. "बाई, दोनदाच लावा हं," ती म्हणते. मी हो म्हणते. दिवसभरात बहुतेक वेळा तेवढेच बोलणे होते. नात्यामुळे तिच्या नोकरीवर गदा येणार असेल, तर 'ओळखीची' एवढेच लिहावे.

३. शिवणयंत्र आमच्या कपडेपटाच्या शिंप्याला. सही त्यानेही केली. पण भावाचा कोट जाळायचा हुकूम आला, तेव्हा तो कोट अंगात घालून सरळ घरी गेला.

४. मॅनेजरला काहीही नाही. माझ्या मागे तो भाषणाला उभा राहिलाच, तर कोणीतरी दिवे घालवावेत.

५. भावजयीवर माझा राग नाही. लग्न झालेच नव्हते असे तिने लिहून दिले, तेव्हा मुलगी कडेवर होती. आजही मी दिसले की ती रस्ता ओलांडते. राग नाही असे लिहिले खरे; पहिली काही वर्षे होता, चांगलाच. भावाचा दाढीचा ब्रश तिला द्यावा. झडतीत फोटो सगळे नेले, ब्रश तेवढा राहिला. (राग होता हे वाक्य व ब्रश द्यावा हे वाक्य रद्द. कारण खाली.)

साक्षीदार मिळेनात. डॉक्टर तयार झाले, मजकूर न वाचण्याच्या अटीवर. शिंपी म्हणाला, "मला यंत्र मिळणार, मग माझी सही चालायची नाही." त्यानेच कुठेतरी बोलून दाखवले असावे. आज दुपारी दार वाजले. भावजय होती. पहिल्यांदाच.

तिने सगळा मजकूर वाचला, पाचवे कलम दोनदा.

"ब्रश आत्ताच द्या," ती म्हणाली. "म्हणजे मला काही मिळणार नाही, आणि माझी सही चालेल."

मी दिला. तिने तो पर्समध्ये ठेवला.

"नात्याच्या जागी शेजारीण लिही," मी म्हटले. "पोरीचा विचार कर."

"पोरीनंच पाठवलंय मला," ती म्हणाली. "सरका जरा, वन्सं. उजेड अडतोय."

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: नऊ, दुपारी

मृत्युपत्र करणार: (सही) प्रॉम्प्टर ताई

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. नाते: नाही. मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार दुसरी: (सही) नाते: भावजय. मजकूर वाचला. खरा आहे.