गाडी ताब्यात घेण्यापूर्वी

६ फेब्रुवारी. सकाळी.

वाहन खरेदी करणाऱ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! आजवर तुम्हाला टाकीची चकाकी दाखवून आतली गंजकी गाडी गळ्यात मारली गेली. चावी हातात ठेवायची, टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा आणि शोरूमबाहेर पिटाळायचं. दोष दिसतो तो पहिल्या वळणावर. हे कुठवर सोसायचं?

उद्याच्या भाषणाची सुरुवात झकास. आरशासमोर म्हणून पाहिली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, काय सोसायचं ते सोसा, आधी दूध आणा.

उद्या मुलीची मोटरसायकल ताब्यात घ्यायची. पैसे तिचे, नजर माझी. सतरा तारखेपासून तिची गावाबाहेरच्या कारखान्यात नोकरी. पहिली पाळी, पहाटे बस नाही, गाडी नसेल तर नोकरीही नाही. म्हणाली, बाबा, हात जोडते, उद्या फार ताणू नका. गेल्या वर्षी तिच्या नेमणुकीच्या पत्रातल्या प्रत्येक कलमावर मी सविस्तर हरकती कळवल्या होत्या. कंपनीने जागा दुसऱ्याला दिली. स्वाभिमान वाचला. ती मात्र अजून ते उकरून काढते. तरुण रक्त, दुसरं काय.

संकल्प : उद्या शांत राहायचं. फक्त मुद्द्याचं बोलायचं.

७ फेब्रुवारी.

मुद्दे बरेच निघाले.

जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून गाडीखाली गेलो. सायलेन्सरच्या एका बोल्टवर लालसर ठिपका. गंज! तिथूनच बोलायला सुरुवात केली. खालून आवाज घुमतो, छान परिणाम होतो. टाय लावलेला सेल्समन वाकून म्हणाला, काका, तो रंगाचा ठिपका आहे. नखाने खरवडला. निघाला. मी म्हणालो, आज निघाला, उद्या काय? डिलिव्हरी नाकारली.

गिऱ्हाईकं जमली होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी. बाप असा उभा राहिलेला तिने प्रथमच पाहिला.

९ फेब्रुवारी.

दुसरी गाडी. टायरवरची तारीख वाचली. टायर गेल्या वर्षीचा! टायवाला म्हणाला, काका, नवं वर्ष लागून महिनाच झालाय. मी विचारलं, शिळ्या पोळीला असं सांगाल का? चासी नंबर कागदाशी ताडून पाहणं वगैरे कारकुनी काम त्याच्यावरच सोपवलं. थोरामोठ्यांनी किरकोळात शिरू नये. डिलिव्हरी नाकारली.

मुलगी म्हणाली, बाबा, सतरा तारीख. तिला समजावलं की जगातली कुठलीही क्रांती पाळीच्या वेळा पाहून झालेली नाही. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

बरोबर आलेली ही आणि शोरूमचा मॅनेजर पाण्याच्या मशीनपाशी बराच वेळ कुजबुजत होते. हिने त्याला खडसावलं असणार, कारण परत आला तो वेगळाच माणूस. म्हणाला, काका, तुमच्यासारखी नजर आमच्या कंपनीतसुद्धा नाही. ही कोपऱ्यातली निळी गाडी तुमच्यासाठी राखून ठेवतो. रोज या. हवा तेवढा वेळ घ्या. पटली तरच न्या.

शरणागती! बिनशर्त! घरी येताना मुलगी आमच्याबरोबर नव्हती. मैत्रिणीकडे गेली म्हणे. हिने आज न मागता चहा दिला.

१२ फेब्रुवारी.

निळ्या गाडीचा चौथा भाग तपासून झाला. घाईत सत्य सापडत नाही. मॅनेजरने कोपऱ्यात स्टूल ठेवलं आहे. ही डबा भरून देते आणि दारापर्यंत सोडायला येते. लग्नानंतर हे प्रथमच.

एक गोष्ट पकडली. मीटरचा आकडा रोज थोडा वाढलेला असतो! मॅनेजरला धारेवर धरलं. म्हणाला, काका, तुमच्या हरकतींची शहानिशा करायला आम्ही तुमच्या मागे गाडी फिरवून पाहतो. बघा, याला म्हणतात धाक. टायवाला तर माझं बोलणं ऐकवेना म्हणून खांबाआड गेला. खांदे हलत होते. रडला असावा. पोरगं मनाने वाईट नाही.

१७ फेब्रुवारी.

मुलगी कामावर रुजू झाली. कशी गेली, विचारलं. म्हणाली, मैत्रीण सोडते. स्वतःचं हेल्मेटही घेतलंय, मागे बसणाऱ्यानेही घालावं म्हणून. संस्कार! मैत्रीण लाख गुणी असेल, पण तिची गाडी कोणी तपासलेली नसणार. मुलीला तसं सांगितलं. ती मान खाली घालून जेवत राहिली. ठसका लागला.

थोडं वाईट वाटलं. पण दोष नसलेली गाडी मिळेल तेव्हा तिलाच कळेल की बाप का थांबला होता.

२३ फेब्रुवारी.

कार्यक्षेत्र वाढलं. मॅनेजर म्हणाला, काका, एका गाडीने तुमच्या बुद्धीला काय पुरणार? आता पूर्ण रांगच बघा. फडकं आणि निळ्या पाण्याची बाटली दिली. धुळीखाली दोष लपतात, हे त्याला पटलंय. सकाळी पहिली रांग, जेवणानंतर दुसरी. मडगार्डखाली कोणी हात घालत नाही, मी घालतो.

एक गिऱ्हाईक मला म्हणालं, ओ मामा, हा आरसा राहिला बघा. त्याला ग्राहक आणि नोकर यांतला फरक सविस्तर ऐकवला. आरसा मात्र खरंच राहिला होता. पुसला.

४ मार्च.

मुलीच्या बोटांना काळं लागलेलं. चेनच्या तेलासारखा वास. कारखान्यात यंत्रं असणारच. ती हल्ली गुणगुणते. ही दुपारी झोपते, शेजारणींना बोलावते. घरात कमालीची शांतता आहे. घरचा कर्ता लढत असला की घर आपोआप स्थिरावतं.

कंबर धरली आहे. संकल्प : वाकताना गुडघ्यातून वाकायचं.

१२ मार्च. संध्याकाळी.

आज लिहू नये असं वाटत होतं. पण रोजनिशी सुखाच्या दिवसांपुरती नसते.

टायवाल्याने मला मागच्या सर्व्हिसिंगच्या बाजूला नेलं. म्हणाला, साहेब, ही पहिल्या सर्व्हिसिंगला आलीय, तुमचं मत हवंय. अख्खा स्टाफ जमला. मेकॅनिक हातातलं काम टाकून आले. एवढा श्रोतृवर्ग मला सभागृहातही लाभला नव्हता.

गाडी लाल. बारकाईने पाहिली. चेनला व्यवस्थित तेल, टायरमध्ये नेमकी हवा, टाकी स्वच्छ. दोष सापडेना. तेव्हा मूळ प्रश्नालाच हात घातला. म्हणालो, मित्रहो, ही गाडी चांगली निघाली हा निव्वळ योगायोग! हिच्या मालकाने डोळे मिटून डिलिव्हरी घेतली असणार. तो गाढव. आणि ज्याच्या घरातून अशी गाडी बिनतपासणीची फिरते तो त्या घरातला कर्ता पुरुष महागाढव!

टाळ्या पडल्या. शिट्ट्यासुद्धा. एक मेकॅनिक खाली बसला, त्याला उभं राहवेना.

गिऱ्हाइकांच्या बाकावरून मुलगी उठली. कारखान्याचा निळा कोट अंगात, हेल्मेट हातात. म्हणाली, बाबा, पुरे. गाडी माझी आहे.

मॅनेजर आणि हिची कुजबुज झाली त्याच संध्याकाळी तिने ती घेतली होती. चासी नंबर पाहिला, सही केली, निघाली. रोज नाक्यावरच्या औषधाच्या दुकानामागे लावते. मी विचारलं, आणि माझी निळी? म्हणाली, ती विकायचीच नाहीये, बाबा. लोकांना चालवून बघायला ठेवलेली गाडी आहे ती. सगळ्यांना माहीत आहे.

सगळ्यांना, म्हणजे हिलाही. विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ती परत केली असती.

वाचलेलं सगळं आठवून पाहिलं. एकही ओळ उपयोगी पडेना.

घरी सोडशील का, विचारलं. म्हणाली, सोडते, पण मागे बसून बोलायचं नाही. कबूल केलं. पहिला सिग्नल गेला, गप्प होतो. दुसरा गेला, गप्प. मग फक्त एवढंच म्हणालो की क्लच किंचित वर पकडतोय, आणि मेकॅनिकवर विसंबलेला समाज कधीही... तिने गाडी बाजूला घेतली. आवाज न चढवता म्हणाली, उतरा.

बाकीचा रस्ता चालत आलो. हिने दार उघडलं. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, मॅनेजरचा फोन होता, उद्या नव्या गाड्या उतरणार आहेत, काका येतील ना? वर आपलं मत दिलं, की जा हो, तिथे तुमचं मन रमतं.

१३ मार्च. पहाटे.

जाग होती. पाळीच्या वेळेला मुलगी बूट हातात घेऊन माझ्या दारावरून गेली. अनवाणी. कडी अशी काढली की आवाज नाही. आता लपवण्यासारखं काहीच उरलेलं नाही, तरी.

खिडकीशी उभा राहिलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. औषधाच्या दुकानामागून तिने गाडी हाताने ढकलत बाहेर काढली. बंदच ठेवलेली. एवढं लोखंड! वाकून, दम खात, पार कोपऱ्याच्या पलीकडे नेली. मी ऐकू नये म्हणून. बाप जागा झाला तर खाली येईल, हँडल धरेल आणि पहिली पाळी चुकेल म्हणून. मग दुरून इंजिनाचा आवाज आला आणि गेला. आवाजात दोष नव्हता.

तोंडी सांगायला गेलो तर त्याचं भाषण होईल. म्हणून इथे लिहितो. मुली, उद्यापासून गाडी दारातच सुरू कर.